संगणक जागा होतो तेव्हा

बंगळूरच्या सर्जापूर रोडवर ज्या विप्रो कंपनीचे मुख्य कार्यालय आहे ती मूळची आपल्या खानदेशातली. १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपाच्या धंद्यापासून तिचा आरंभ झाला. पुढे ती संगणकही तयार करू लागली आणि २०१३ साली तो उद्योग तिने थांबविला. हे शेवटचे साल मी मुद्दाम सांगितले. त्याच सुमारास संगणकाच्या जागे होण्याच्या रीतीत पालट होत होता. आणि त्या काळातील यंत्र स्वस्तात घेऊन त्यावर नवी कार्यप्रणाली बसवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याची आजही जी कुचंबणा होते, तिचे मूळ या पालटात आहे.

कळ दाबताच विंडोज किंवा उबुंटू सुरू होत नाही. आधी यंत्रातच वसलेली एक लहानशी आज्ञावली जागी होते आणि कार्यप्रणाली कोठे आहे याचा शोध घेते. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून हे काम ‘बायॉस’ करीत आला. डिस्कच्या आरंभीचा ५१२ बाइटांचा तुकडा वाचावयाचा आणि तेथील आज्ञा निमूटपणे पाळावयाची, एवढीच त्याची रीत. त्याच्या जोडीची ‘एमबीआर’ ही विभागणी चारच मुख्य विभाग मानते आणि साधारणतः दोन टेराबाइटांपलीकडची जागा तिच्या हिशेबात बसत नाही. नवी रीत ‘यूईएफआय’ची. ती ‘जीपीटी’ विभागणी जाणते आणि राखून ठेवलेल्या स्वतंत्र विभागातील फाइल शोधून चालविते.

मधल्या वर्षांतील पुष्कळ यंत्रांना दोन्ही रीती येतात, आणि खरी अडचण ती हीच! पेनड्राइव्ह एकच असतो, पण आरंभीच्या यादीत तो दोनदा दिसतो: एकदा नुसत्या नावाने, एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ हा शब्द घेऊन. ज्या ओळीवर बोट पडेल त्या रीतीने कार्यप्रणाली बसू लागते. डिस्क जीपीटीची आणि रीत जुनी असली, तर विंडोज ‘या डिस्कवर बसता येत नाही’ असे सांगून अडून बसते. उतावळा मनुष्य येथे सगळे विभाग पुसून टाकतो, आणि घरातली छायाचित्रे, हिशेब, प्रबंधाचे कच्चे खर्डे, सारे त्याबरोबर जाते. वास्तविक यंत्र बंद करून यादीतील दुसरी ओळ निवडली असती तरी बहुधा भागले असते.

म्हणून यंत्रावर आधीची प्रणाली असेल तर ती कोणत्या रीतीने चालते ते प्रथम पाहावे. विंडोजमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडले की ‘बायॉस मोड’पुढे ‘लेगसी’ किंवा ‘यूईएफआय’ असे लिहिलेले आढळते. शेजारी दुसरी प्रणाली बसवावयाची तर तीही त्याच रीतीने बसवावी. एरवी आरंभीच्या निवडयादीतून एकीकडून दुसरीकडे जाणे दुरापास्त होते. यंत्र अगदीच रिकामे असेल आणि त्याला नवी रीत येत असेल, तर तीच पत्करावी. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ने तर अधिकृतपणे जुन्या रीतीला रजाच दिली आहे.

प्रणाली बसल्यावर कोणी रीत बदलली, तर ‘बूट होण्याजोगे उपकरण नाही’ असा संदेश येतो. डिस्क बिघडली असे मानून दुकान गाठण्याआधी ती निवड पूर्ववत करून पाहावी. मात्र डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असेल, तर या निवडींना हात लावण्यापूर्वी त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. यंत्र ती केव्हा मागेल याचा नेम नसतो.