अतिवृष्टीच्या मुलखात भातास खत किती व कोठे द्यावे?

मुळशी तालुक्यातील ताम्हिणी हा अतिवृष्टीचा मुलूख होय. जुलै 2024 मध्ये येथे एका दिवसात 550 मिलिमीटरांहून अधिक पाऊस नोंदला गेला. हेच दिवस भातलावणीचे असतात. खाचरात फेकलेला युरिया पाण्याबरोबर बांधावरून वाहून जातो, पीक पिवळे पडते आणि शेतकरी पुन्हा खत फेकतो. खर्च वाढतो, उत्पन्न त्या मानाने वाढत नाही.

वाहून न गेलेल्या युरियाचेही नुकसान होतेच. त्याचा काही नत्र अमोनिया वायूच्या रूपाने हवेत उडतो. काहीचे वरच्या थरात नायट्रेट बनते. ते खाली झिरपते व चिखलात त्याचा वायू होऊन निघून जातो. तोच नत्र आरंभीच चिखलात खोल पुरला, तर तो अमोनियमच्या रूपात मातीच्या कणांस धरून राहतो व मुळांस सावकाश मिळतो.

डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीचा एक आधार हाच आहे. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख मिसळावी. चिखलणीच्या वेळी गुंठ्यास सुमारे 30 किलो गिरिपुष्पाचा हिरवा पाला गाडावा. दोरीच्या साहाय्याने 15 व 25 सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर लावणी करावी. लावणीच्याच दिवशी 15 सेंटिमीटरच्या चौकोनातील चार चुडांच्या मध्ये 2.7 ग्रॅमची एक युरिया-डीएपी ब्रिकेट 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचावी. गुंठ्यास सुमारे 625 ब्रिकेट, म्हणजे 1.7 किलो खत पुरते. हेक्टरी हे प्रमाण 170 किलो होते व त्यातून सुमारे 57 किलो नत्र आणि 29 किलो स्फुरद मिळते.

मात्रा ठरविताना वाणाचाही विचार करावा. आंबेमोहोर उंच वाढणारा आहे. त्यास नत्र अधिक झाल्यास पाने गर्द हिरवी दिसतात, परंतु ताट लुसलुशीत होऊन वाऱ्यापावसात लोळते, करप्यास बळी पडते व दाणे पोचट राहतात. ज्या सुवासिक तांदळास चांगला भाव मिळावा, त्याची प्रत अशा रीतीने शेतातच उतरते. आंबेमोहोर-157 व आयआर-8 यांच्या संकरातून झालेला, 1987 साली प्रसारित झालेला इंद्रायणी हा वाण मात्र तुलनेने अधिक खत पेलतो. एकाची मात्रा दुसऱ्यास देऊ नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या गोष्टी केवळ सांगून थांबू नये. एका शेतकऱ्याच्या शेजारशेजारच्या दोन खाचरांत एकच वाण लावून, एकात युरिया फेकून व दुसऱ्यात ब्रिकेट खोचून दाखवावे. कापणीच्या वेळी दोन्हींतील गुंठ्याचे भात गावासमोर वेगळे मळावे, मोजावे व भरडून पाहावे. खताचा खर्च आणि तांदळाचे माप एकत्र मांडले म्हणजे कोणती रीत परवडते, हे शेतकरी स्वतःच ठरवील.