गोचिडांची लस : कोणती आणि कोणासाठी?

काजूचा हंगाम जवळ आला की लोक विचारतात, "फादर, गाईला गोचिडांची सुई टोचून घेतली आहे, आता घरच्यांनी रानात जायला हरकत नाही ना?" प्रश्न साधा दिसतो, पण त्यात तीन निरनिराळ्या लसींची सरमिसळ झालेली आहे. एक लस खुद्द गोचिडाविरुद्ध असते. दुसरी, गोचीड गाईच्या रक्तात जे रोगजंतू सोडतो त्यांच्याविरुद्ध. तिसरी, माणसाला होणाऱ्या माकडतापाविरुद्ध. एक टोचल्याने दुसरीचे काम होत नाही. हा घोटाळा एखाद्याच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून तो उलगडून सांगणे बरे.

पहिली लस सर्वांत नवलाची. गोचिडाची मादी रक्त पिऊन एरंडाच्या बीएवढी फुगली की गाईवरून गळून पडते, जमिनीत किंवा गोठ्याच्या भेगेत दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. म्हणजे गाईच्या अंगावर दिसतात ते थोडे. बाकीची फौज जमिनीत. १९३९ साली विल्यम ट्रेगर या अमेरिकन शास्त्रज्ञाने गिनीपिगांवर गोचीड सोडून पाहिले. पहिल्या खेपेला ते पोटभर रक्त प्याले. पुढच्या खेपेला त्याच प्राण्यांवर त्यांना नीट पिता येईना. प्राण्याचे शरीर गोचिडाची लाळ ओळखू लागले होते. आपल्या गावठी गाईवर गोचीड कमी टिकतात आणि जर्सी-होल्स्टीनच्या संकरित गाईवर लगडून बसतात, याचेही एक मोठे कारण हेच आहे.

ऑस्ट्रेलियातील सरकारी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी निराळी वाट धरली. त्यांनी गोचिडाच्या आतड्याच्या अस्तरातील एक प्रथिन वेगळे काढले. त्याला 'बीएम-८६' असे नाव आहे. ते गाईला टोचले की तिच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात. गोचीड ते रक्त पितो आणि त्याचेच आतडे फाटते. रक्त अंगभर पसरून तो लालसर होतो, मरतो किंवा फार थोडी अंडी घालतो. या प्रथिनावर आधारलेली 'गावाक' ही लस क्यूबात १९९३ मध्ये आणि 'टिकगार्ड' ऑस्ट्रेलियात १९९४ मध्ये बाजारात आली.

मात्र तिच्या मर्यादा समजून घ्याव्यात. फवारणीने जसे दुसऱ्या दिवशी गोचीड गळतात तसे येथे होत नाही. दोन-तीन पिढ्यांनंतर कुरणातली संख्या घटते. शिवाय हे प्रथिन गोचिडाच्या पोटात दडलेले असल्यामुळे रोज चावे बसूनही गाईच्या शरीराला त्याची आठवण राहत नाही. लस पुनःपुन्हा टोचावी लागते. बहुधा याच कटकटीमुळे टिकगार्ड पुढे ऑस्ट्रेलियातून बंद झाली. आपल्या देशात इज्जतनगरच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत आपल्याकडील गोचिडांवर असेच संशोधन झाले आहे, पण जनावरांच्या दवाखान्यात ही लस मिळत नाही. तेव्हा आपल्या गाईला टोचलेली सुई ती नव्हे.

ती बहुधा दुसरी असेल, म्हणजे थायलेरिया या गोचीड-तापाची. हैद्राबादेत तयार झालेली 'रक्षावॅक-टी' ही या रोगावरील लस. ती द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवावी लागते. ती रोग रोखते, गोचीड नाही. गाईला सडकून ताप, खांद्यापुढील गाठ सुजलेली, दूध एकदम आटलेले, अशी लक्षणे दिसताच डॉक्टरांना बोलवा. लघवी कॉफीसारखी लाल आणि डोळे पिवळे झाले तर तो बबेसिया असू शकतो. त्यात रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि यकृतावर भार पडून कावीळ दिसते. अशा गाईला कावीळ झाली म्हणून डाग देणारे अजून आहेत. डागाने ताप उतरत नाही, औषधाचे दोन दिवस मात्र वाया जातात.

आता माकडताप. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, मागोमाग माणसे आजारी पडली, तेव्हा हा विषाणू सापडला. २०१५ मध्ये तो गोव्यात सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्गात पोहोचला. काजूच्या बागांत राबणाऱ्यांना त्याची झळ बसली. हा गोचीडही निराळ्या जातीचा. त्याची पिले खसखशीएवढी असतात आणि पाचोळ्यातून अंगावर चढतात. गुरांना हा ताप येत नाही, पण रानात चरणाऱ्या गुरांच्या रक्तावर हे गोचीड वाढतात. शंभर रुग्णांपैकी तीन ते पाच दगावतात.

यावरील जुनी लस कर्नाटकात १९९० पासून दिली जाई. २००५ ते २०१० या काळातील पाहणीत दोन मात्रांनी सुमारे ६२ टक्के आणि पुढील मात्रा घेतल्यास ८३ टक्के संरक्षण आढळले. पुढे ती कमी पडू लागली आणि २०२२ मध्ये तिचा वापर थांबला. नव्या लसीवर काम चालू आहे. अमेरिकेत येल विद्यापीठाने २०२१ मध्ये गोचिडाच्या लाळेतील १९ प्रथिनांवर बेतलेली लस गिनीपिगांना दिली. चावल्या जागी लाली उठली आणि गोचीड लवकर गळाले. उंदरांत मात्र ते साधले नाही; माणसापर्यंत मजल लांब आहे.

तोपर्यंत आपले हात आणि डोळे हेच खरे. गोठ्याच्या भिंतींतील भेगा बुजवा, चुना लावा, शेण-कचरा साचू देऊ नका. औषध डॉक्टरांनी सांगितलेलेच, सांगितलेल्या प्रमाणात वापरा. एकच औषध वर्षानुवर्षे मारल्याने गोचीड त्याला दाद देईनासे झाले आहेत. भातावरचे कीटकनाशक गुरांना चोळू नका, गाय अंग चाटते. औषधानंतर किती दिवस दूध घरात वा डेअरीत न्यायचे नाही, तेही विचारून ठेवा.

रानात जाताना अंगभर कपडे घाला, उघड्या भागाला आरोग्य केंद्रातून मिळणारे डीएमपी तेल लावा, पाचोळ्यात बसू नका. घरी येताच गरम पाण्याने आंघोळ करा, कपडे गरम पाण्यात टाका, पोरांच्या काखा आणि कानामागची जागा पाहा. चिकटलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल नको, काडीचा चटका नको. मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा. रानातून आल्यावर आठवड्याभरात एकाएकी ताप, डोकेदुखी आणि अंग मोडून आले तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की काजूच्या बागेत गेलो होतो, आणि मनानेच अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, कारण या तापात हिरड्या-नाकातून रक्त जाण्याचा धोका असतो.