गळती रामेश्वरी, थेंब सोमेश्वरी

मोटारसायकलखाली ऑइलचा थेंब दिसला की माणूस वाकतो आणि बरोबर त्या थेंबाच्या वरचा नट आवळतो. बहुतेक वेळा तो नट निर्दोष असतो. ऑइल सुटतं एका जागी, ओघळतं दुसऱ्या जागेवरून आणि टपकतं तिसरीकडेच.

याचं कारण पृष्ठताणात आहे. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटनच्या आसपास असतो, इंजिन ऑइलचा ३० च्या आसपास. त्यामुळे धातूवर पडलेलं ऑइल गोळा होऊन बसत नाही, पातळ साय धरून पसरतं. इंजिनच्या कडांवरून, जोडावरून सरकत ते सगळ्यात खालच्या उंचवट्यापाशी येतं आणि तिथे जमा होऊन सुटतं. तो उंचवटा म्हणजे बहुधा ऑइल सोडायचा ड्रेन नट. म्हणून बिचारा ड्रेन नट फुकट बदनाम होतो आणि आवळून आवळून त्याचे आटे जातात. केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं, नट लोखंडी. या झटापटीत हार मानतं ते केसिंग. गाडी पळत असताना वाराही ऑइलला मागे ढकलतो. सबब शोध नेहमी उलटा घ्यायचा: सर्वात वरचा आणि सर्वात पुढचा ओला ठिपका कुठे आहे, ते पाहायचं.

परभणीच्या जिंतूर रोडला, वसमत रोडला किंवा गंगाखेड रोडला पावसाळ्यानंतर गॅरेजांपुढे उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या, तर हा शोध कागदावर वाटतो तेवढा सोपा नाही हे कळतं. पांदण रस्त्याने शेतात जाऊन आलेल्या गाडीच्या चेन कव्हरात काळी माती ठासून बसलेली असते. ही माती ओली असताना फुगते, चिकटते. वाळली की दगडासारखी घट्ट होते आणि ऑइल शोषून घेते. त्यात पुन्हा आपल्याकडची सवय म्हणजे चेनला जळकं ऑइल मारायचं. चेन फिरली की ते चोहीकडे उडतं आणि गियरबॉक्सच्या मागच्या अंगाला काळा राडा साचतो. अशी गाडी ‘गियरबॉक्स लीक आहे’ म्हणून येते आणि लीक काहीच नसतं. म्हणून पहिलं काम पान्याचं नव्हे, धुण्याचं. रॉकेल नाहीतर डिझेल, ब्रश, मग कोरडं फडकं. पूर्ण वाळल्यावर संशयाच्या जागेवर अंगाला लावायची पावडर भुरभुरायची, इंजिन गरम होईपर्यंत गाडी फिरवून आणायची आणि पाहायचं. पांढऱ्या पावडरीत ऑइलची पहिली रेघ जिथून निघते, तिथे गळती. मोठ्या वर्कशॉपमध्ये ऑइलमध्ये चमकणारा रंग मिसळून अतिनील दिव्याखाली पाहतात, तत्त्व तेच.

गाडी चालवून पाहणं गरजेचंच आहे. नेहमीच्या १०डब्ल्यू-३० ऑइलचा दाटपणा ४० अंशांपासून १०० अंशांपर्यंत जाताना साधारण सहाव्या हिश्श्यावर येतो. रात्री अंगणात दहा थेंब पडले, तर मिलिलिटरला तीसेक थेंब धरून महिन्याला जेमतेम दहा मिलिलिटर ऑइल गेलं. ते काहीच नाही. पण तीच फट गरम इंजिनात, शाफ्ट फिरत असताना कितीतरी जास्त सोडते, आणि ते जमिनीवर दिसतही नाही, चेनवरून मागच्या टायरकडे जातं. अंगण स्वच्छ म्हणून गाडी निरोगी, असं धरून चालत नाही.

आता गळतं ते ऑइल कुणाचं? जुन्या बुलेटमध्ये हा प्रश्न खरोखरचा होता. तिथे इंजिन वेगळं, गियरबॉक्स वेगळा, आणि दोघांना जोडणारी प्राथमिक चेन आणि क्लच यांचा डबा तिसरा. त्या डब्याचं झाकण मध्ये एका नटावर आणि कडेला एका रबरी कड्यावर उभं असायचं. तो नट कमी-जास्त आवळला की ऑइल खाली. पण गियरबॉक्स रिकामा झाला तरी पिस्टन शाबूत राहायचा. २००९-१० च्या सुमारास बुलेटही एकसंध इंजिनावर आली. आज गावोगाव फिरणाऱ्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांत क्रँक, क्लच आणि गियर एकाच ऑइलमध्ये डुंबतात, आणि ते ऑइल असतं सारं मिळून लिटरच्या आसपास. म्हणजे गियरबॉक्सच्या सीलमधून जातं ते इंजिनचंच ऑइल. पाव लिटर गेलं तर चौथाई गेली. मे महिन्यात परभणीचा पारा ४५ अंशांपुढे जातो; तेव्हा ट्रिपल सीट, पहिल्या गियरवर, मऊ मातीतून निघालेली गाडी उरलेल्या ऑइलवर किती वेळ तग धरेल?

मुख्य संशयित एकच: पुढच्या चेन स्प्रॉकेटच्या मागे बसलेलं ऑइल सील. गियरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टभोवती रबराचं हे कडं असतं, त्याच्या ओठावर मागून एक बारीक गोल स्प्रिंग. ताशी ५० च्या वेगाला शाफ्ट मिनिटाला हजाराच्या वर फेरे घेतो आणि ओठ त्याला टेकून असतो. रबर असं कोरडं घासलं तर थोड्याच वेळात जळून जाईल. ते जळत नाही, कारण ओठाखाली सुमारे एक मायक्रॉन जाडीचा ऑइलचा थर असतो. म्हणजे चांगलं सील आतून सदैव ओलं असतं. मग ऑइल बाहेर का येत नाही? ओठाची ऑइलकडची बाजू चढी, हवेकडची उतरती असते. या असमानतेमुळे फिरत्या शाफ्टवर रबराचे सूक्ष्म उंचवटे अशा रीतीने ताणले जातात की बाहेर निघू पाहणारं ऑइल परत आत लोटलं जातं. सील हे झाकण नव्हे, अतिशय छोटा पंप आहे. म्हणूनच ते उलटं बसवलं, तर इमानेइतबारे ऑइल बाहेर फेकतं!

१९३० च्या दशकापर्यंत हे काम चामड्याकडे होतं. जर्मनीत वाइनहाइम इथे फ्रॉयडेनबर्ग नावाचा चामडं कमावण्याचा कारखाना होता; तिथे ऑस्ट्रियन अभियंता वाल्टर झिमर यांनी धातूच्या कवचात बसणारं सील घडवलं आणि त्याच दशकात चामड्याची जागा कृत्रिम रबराने घेतली. आज ओठ बहुधा नायट्राइल रबराचा असतो. हे रबर ऑइलला दाद देत नाही, पण सतत शंभर अंशांच्या पुढे राहिलं की हळूहळू कडक होतं. आपल्याकडे उन्हाळा ४५ अंशांचा, आणि हिवाळ्यात परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला पारा एक आकडी होतो. कडक झालेला ओठ अशा सकाळी शाफ्टच्या थरथरीमागे वाकत नाही. त्यात वाळल्या मातीची कच ओठाच्या कडेला घुसते आणि रबराबरोबर पोलादी शाफ्टही घासते.

सील बदलणं म्हटलं तर अर्ध्या तासाचं काम. चेन सैल करायची, पत्ती काढून स्प्रॉकेट उतरवायचं, जुनं सील शाफ्टला ओरखडा न पडू देता उचकटायचं. मग थांबायचं आणि शाफ्टवरून नख फिरवायचं. नख अडकलं तर ओठाने तिथे खाच पाडली आहे. नवं सील त्याच जागी ठोकलं की तेही गळणार. जागा असेल तर ते मिलिमीटरभर पुढे-मागे बसवावं, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येतो. खाच घालवायला पॉलिश पेपर तिरका घासणं हा मात्र खास आपला उद्योग. त्या तिरक्या रेघा स्क्रूच्या आट्यांसारख्या काम करतात आणि शाफ्ट एका दिशेला फिरत असल्याने ऑइल बाहेर ओढून काढतात. नवं सील सरकवताना शाफ्टच्या दातऱ्यांवर दुधाच्या पिशवीचं पातळ प्लास्टिक गुंडाळावं, नाहीतर ओठ पहिल्याच फेरीत चिरतो. ओठाला ऑइल लावावं, स्प्रिंगची बाजू आत ठेवावी, आणि सीलच्याच मापाचा गोल सॉकेट ठेवून सरळ दाबावं. काही इंजिनांत सीलला कड असते आणि ते केसिंगच्या दोन भागांत अडकलेलं असतं. ते बाहेरून निघत नाही, इंजिन खोलावं लागतं. हे आधी पाहिलेलं बरं.

शाफ्ट हाताने हलवला आणि त्यात प्ले जाणवला, तर दोष बेअरिंगचा. आणि बेअरिंग बहुधा मरतं ते करकचून ताणलेल्या चेनमुळे. चेनला मध्यावर दोन-तीन सेंटिमीटर ढील हवीच, विशेषतः मागे खताचं पोतं येणार असेल तर.

‘एम-सील’ थापून किंवा पॅकिंगऐवजी सिलिकॉनचा जाड थर देऊन भागवणारेही आहेत. बाहेरचा थर निदान दिसतो तरी. आत गेलेला तुकडा सुटून ऑइलच्या जाळीत अडकतो. कमी झालेलं ऑइल कारच्या डब्यातून भरणंही टाळावं. घर्षण कमी करणारी त्यातली रसायनं ओल्या क्लचला घसरवतात. डब्यावर ओल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची ‘जासो एमए’ ही खूण पाहून घ्यावी.

सील नवं, शाफ्ट गुळगुळीत, तरी ऑइल येतंच असेल तर क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी पाहावी. ९७ सीसीचा पिस्टन खाली येताना तेवढीच हवा क्रँककेसमध्ये दाबतो, मिनिटाला हजारो वेळा. नळी मातीने किंवा कुंभारमाशीच्या घरट्याने बुजली की तो दाब सर्वात कमजोर ओठ शोधतो. ऑइल जास्त भरलं तरी असाच त्रास होतो, आणि ते जास्त भरलं जातं साइड स्टँडमुळे. गाडी डावीकडे कललेली, ऑइल मोजायची काडी बहुतेक गाड्यांत उजवीकडे. काडीवर ऑइल कमी दिसतं आणि मालक आणखी ओततो. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी, इंजिन बंद करून दोन-तीन मिनिटं थांबून काडी पाहावी. बऱ्याच शंभर सीसीच्या गाड्यांत ती आट्यांत न फिरवता नुसती टेकवायची असते.