आधी काऊलिंग, मग बॅफल

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी १९७३ साली ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’ कंपनी काढली. गॅरेजमध्ये स्वतःचं विमान बांधणाऱ्या हौशी लोकांना ती सुट्या भागांचे संच पुरवते. तिच्या आरव्ही मालिकेतली ११ हजारांहून अधिक विमानं आजवर आकाशात गेली आहेत. नव्या संचांमध्ये पत्र्याला भोकं कारखान्यातच पाडलेली असतात, त्यामुळे पंख आणि शेपूट बरेचसे बिनचूक जुळतात. इंजिनापाशी आल्यावर मात्र मापं स्वतःच घ्यावी लागतात.

यातल्या बहुतेक विमानांना लायकॉमिंगचं चार सिलिंडरचं इंजिन असतं. त्याला पाण्याचा रेडिएटर नसतो, ते हवेवरच थंड होतं. स्पिनरच्या, म्हणजे पंख्याच्या मधोमध असलेल्या टोपीच्या, दोन्ही बाजूंच्या तोंडांतून हवा आत शिरते, इंजिनाच्या वर साठते आणि सिलिंडरांच्या फिन्समधून, म्हणजे पातळ पात्यांमधून, खाली उतरून मागून बाहेर पडते. तिला दुसरी वाट मिळू नये म्हणून इंजिनाभोवती ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या भिंती उभारतात. याच भिंती म्हणजे बॅफल.

फट राहिली की हवा सोप्या वाटेने निसटते आणि सिलिंडर तापतात. सिलिंडर हेडची कमाल मर्यादा सुमारे २६० अंश सेल्सियस असते. इंजिन दीर्घकाळ टिकावं म्हणून जोरात उडतानाही तापमान सुमारे २२४ अंशांखाली ठेवावं, असं लायकॉमिंग सांगते.

म्हणूनच इथे कामाच्या क्रमाला महत्त्व आहे. आधी इंजिन बसतं, मग स्पिनरची मागची चकती. त्या चकतीपासून साधारण पाव इंच जागा सोडून फायबरग्लासच्या काऊलिंगचे, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाचे, वरचे आणि खालचे भाग जुळवतात आणि त्यांची मागची कड इंजिनामागच्या भिंतीपाशी, म्हणजे फायरवॉलपाशी, कापतात. इंजिनाच्या आधारातली रबरं कालांतराने दबतात, म्हणून जाणकार स्पिनर सुरुवातीला किंचित उंच ठेवतात.

काऊलिंग पक्कं झाल्यावरच बॅफलच्या वरच्या कडेला कात्री लागते. त्यासाठी एक स्वस्त युक्ती आहे. कडेवर ओळीने कागद अडकवायच्या क्लिपा उभ्या खोचायच्या आणि वरचं काऊलिंग हळूच बसवायचं. क्लिपा खाली सरकतात आणि पत्रा कुठे किती कापायचा ते दाखवतात. हे दोन-तीनदा करावं लागतं, कारण जादा कापलेला पत्रा पुन्हा वाढत नाही. शेवटी पत्रा आणि काऊलिंग यांच्यात तीन-अष्टमांश ते अर्धा इंच अंतर ठेवतात. सुरू होताना आणि बंद होताना इंजिन जोरात हलतं, तेव्हा पत्रा काऊलिंगला घासता कामा नये.

ते अंतर सिलिकॉन रबराच्या पट्ट्या भरून काढतात. पट्टी आतल्या बाजूला वळलेली हवी, म्हणजे हवेचा दाबच तिला काऊलिंगवर चेपतो. बाहेर वळली तर तोच दाब तिला उचलतो. कोपऱ्यांतल्या बारीक फटी लाल सिलिकॉनने बुजवतात.

सगळीकडे घट्ट बसवणंही चुकीचंच. उजवीकडच्या मागच्या, म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरवर एका ठिकाणी फिन्स फार उथळ असतात. तिथे बॅफल चिकटून बसलं तर हवाच अडते, म्हणून बांधणारे थोडी पोकळी मुद्दाम ठेवतात. पुढच्या दोन सिलिंडरांसमोरचे पत्र्याचे छोटे बांध मात्र उड्डाणातलं तापमान पाहून नंतर थोडेथोडे कापतात.

विमान उडू लागल्यावर वेळोवेळी काऊलिंग उतरवून आतून पाहावं. रबर घासल्याची रेघ सलग असेल तर काम चोख झालं आहे. जिथे ती तुटते, तिथून हवा निसटते आहे.