नऊ एक्के आणि कापरेकर

ओळीने नऊ एक्के मांडा आणि त्या संख्येचा वर्ग करा. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली स्थानांची नावे परार्धापाशी थांबतात, ही संख्या त्या परार्धाचा साधारण आठवा हिस्सा.

यात जादू काही नाही. गुणाकार कागदावर मांडला, की नऊ एक्क्यांची ओळ नऊ वेळा येते, दर वेळी एक घर डावीकडे सरकून. उभी बेरीज करताना पहिल्या घरात एक एक्का, दुसऱ्यात दोन, असे करत मधल्या घरात नऊ, आणि तिथून पुन्हा उतार. हातचा कुठेच येत नाही. दहा एक्के घेतले, की मधल्या घरात दहा जमतात, हातचा निघतो आणि डौल बिघडतो: १२३४५६७९००९८७६५४३२१.

अशा वर्गांना दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी ‘वंडरफुल डेम्लो’ संख्या म्हटले. १९३० ते १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर असलेल्या या माणसाला ही कल्पना सुचली ती डेम्लो स्थानकावर, म्हणजे आजच्या डोंबिवलीत. सकाळच्या लोकलला लोंबकळणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

कापरेकरांच्या आणखी दोन कल्पना याच संख्येत भेटतात. तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी ती ‘हर्षद’ संख्या. एक ते नऊ एक्क्यांच्या वर्गांत हर्षद फक्त तीनच: १, १२३२१ आणि ही. आता तिला त्याच ८१ ने गुणा. मिळतात ९९९९९९९९८००००००००१, म्हणजे नऊ नवांचा वर्ग. त्याचे मधोमध दोन तुकडे करून बेरीज केली, की पुन्हा नऊ नव. म्हणून नऊ नवांची ही संख्या झाली ‘कापरेकर संख्या’. १२३२१ इथे नापास होते: तिला ९ ने गुणले की ३३३ चा वर्ग, ११०८८९ येतो, ११० आणि ८८९ मिळून ९९९ होतात, ३३३ नव्हे.

अंकांच्या असल्या गमती कोड्यांच्या सदरापुरत्या, असे गणिती जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये लिहून ठेवले. आक्षेप पुष्कळदा रास्तच असतो, कारण मोजण्याचा पाया दहा ऐवजी दुसरा घेतला की बहुतेक गमती विरतात. या संख्येचे तसे नाही. आठ पाया घेऊन सात एक्क्यांचा वर्ग करा: १२३४५६७६५४३२१. अंकांची बेरीज एकोणपन्नास, भाग निःशेष, आणि एकोणपन्नासाने गुणल्यावर सात सातांचा वर्ग, जो तोडून जोडला की पुन्हा सात सात. पाया कोणताही असो, त्याहून एक कमी इतके एक्के घेतले की तिन्ही गुण हजर. हार्डींचा आक्षेप इथे लागू पडत नाही.