पेशीच्या यार्डात गाड्या तुंबतात तेव्हा



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा, खताचे हप्ते असे विषय घेतो. या खेपेला विषय जरा वेगळा आहे. गटातून फिरताना "सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी निघाली" हे आता वारंवार कानावर येते. सांगणारे पुष्कळदा माळकरी, दारूच्या थेंबाला न शिवलेले. मग हे झालं कसं? या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग पेशीच्या आत आहे, आणि तो समजून घ्यायला ऊस उत्पादकाइतका तयार माणूस दुसरा नाही.

आपल्या शरीरातल्या पेशी प्रथिने तयार करतात. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'आंतर्द्रव्यजालिका' असा शब्द येतो. पेशीच्या या भागात, बाहेर पाठवायच्या प्रथिनांना योग्य घडी घातली जाते. घडी नीट बसली तरच प्रथिन कामाचे. चुकली तर तो निव्वळ कचरा. हेच पेशीचे गाळप म्हणा.

आता मिलची ताकद रोज पाच हजार टनांची आणि यार्डात आठ हजार टन ऊस येऊन पडला, तर काय होतं हे तुम्हांआम्हांला ठाऊक आहे. चोवीस तासांत गव्हाणीत पडायचा ऊस उन्हात वाळतो, उतारा घसरतो. पेशीतही तसंच. काम झेपेनासं झालं की घडी चुकलेली प्रथिने साचू लागतात. यालाच शास्त्रज्ञ पेशीवरचा ताण म्हणतात. मनाचं टेन्शन म्हणतो, तो ताण हा नव्हे.

अशा वेळी पेशी तीन उपाय करते. पहिला, नवी प्रथिने तयार करणे कमी करते. म्हणजे तोडच थांबवते. दुसरा, घडी घालणारी मदतनीस प्रथिने वाढवते. म्हणजे मिलची ताकद वाढवते. तिसरा, बिघडलेला माल बाहेर काढून मोडीत टाकते. ही धोक्याची घंटा वाजवणारे एक प्रथिन काझुतोशी मोरी आणि पीटर वॉल्टर यांनी १९९३ साली, स्वतंत्रपणे काम करून, यीस्टच्या पेशीत शोधले. आसवनीत मळी आंबवतो तेच यीस्ट. पुढे २०१४ साली दोघांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

चार दिवसांचा ताण पेशी निभावून नेते. पण आवक महिनोन् महिने थांबलीच नाही, तर हीच घंटा उलटते. सूज सुरू होते आणि शेवटी पेशी स्वतःच मरते.

यकृताच्या पेशीत प्रथिनांचे काम फार. रक्त गोठवणारी बरीचशी प्रथिने तिथेच बनतात. त्यात जादा चरबी, जादा साखर, दारू यांचा भार पडला की ताण वाढतो. आधी चरबी, मग सूज, मग चट्टे आणि शेवटी सिऱ्होसिस, अशी ही उतरंड आहे. दारू न पिणाऱ्यांतही अशी सूज येते, हे ओळखून अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या युर्गन लुडविग यांनी १९८० साली या दुखण्याला वेगळे नाव दिले. आपल्या केंद्र सरकारनेही २०२१ साली फॅटी लिव्हरचा समावेश मधुमेह, हृदयरोग यांच्यासाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला.

आतड्याचं पाहा. त्याच्या अस्तरात काही पेशी बुळबुळीत श्लेष्मा बनवतात, तर काही जंतू मारणारी द्रव्ये. दोन्ही कामे प्रथिनांचीच. २००८ साली आर्थर केसर, रिचर्ड ब्लुमबर्ग आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या आतड्याच्या अस्तरातून ताण निवारणारे एक जनुक काढून टाकले. त्या उंदरांच्या लहान आतड्याला आपोआप सूज आली. माणसातही या जनुकातले काही फरक आतड्याच्या दीर्घ दाहाशी जोडलेले आढळले. सगळा दोष एकट्या ताणाचा नाही. आनुवंशिकता आणि आतड्यातले जंतू यांचाही वाटा असतो. पण कुंपण कमकुवत झालं की जनावर आत शिरतं, तसा हा प्रकार.

आता थोडं कडू बोलतो. आपण साखरेवर जगणारी माणसं, म्हणून हे आपणच सांगायला हवं. साखर निम्मी ग्लुकोज, निम्मी फ्रुक्टोज. फ्रुक्टोजचा बराचसा भार यकृतावर येतो आणि जादा झाले की त्याची चरबी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत हवी. ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे दिवसाला साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे, असेल तर अधिक चांगले. गुळाचा चहा प्यायला म्हणजे सुटलो, असे नाही. गुळातही मुख्यतः साखरच. दिवसाचे सहा कप गोड चहा मोजून पाहा.

चांगली गोष्ट अशी, की आवक कमी केली तर यकृत सावरते. वजन जास्त असलेल्याने ७ ते १० टक्के वजन उतरवले, म्हणजे ऐंशी किलोच्या माणसाने सहा ते आठ किलो, तर यकृताची सूजही कमी होऊ शकते. ते हळूहळू उतरवा, उपाशी राहून नव्हे. दारू बंद. मधुमेह किंवा सुटलेले पोट असेल, तर रक्ताचा रिपोर्ट चांगला आला तरी यकृताची तपासणी डॉक्टरांना विचारून घ्या.

शौचातून रक्त पडतंय, जुलाब आठवडेच्या आठवडे चाललेत, वजन उतरतंय, तर मूळव्याध म्हणून घरी बसू नका. आपल्याकडे आतड्याचा क्षयही असाच दिसतो. तपासल्याशिवाय औषध नको. क्रोन नावाच्या आतड्याच्या आजारात धूम्रपानाने दुखणे बळावते, तेव्हा बिडी-सिगारेट सोडाच.

बायामाणसं तर दुखणं अंगावर काढतात. हंगाम संपू दे, मग बघू, असं म्हणतात. पेशीचा हंगाम बाराही महिने चालतो. यार्ड तुंबायच्या आत तोड थांबवावी, हे फडात कळतं तसं ताटावरही कळावं, एवढीच आमची नम्र विनंती.