तान्हा पोळा, फुगेवाला आणि त्याचे सिलिंडर

तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदीबैल घेऊन मुले बाहेर पडली, की त्यांच्या मागोमाग फुगेवालेही येतात. पांढुर्ण्यात त्याच दिवशी जाम नदीवर गोटमार असते, त्यामुळे गर्दीला सुमार नसतो. सौंसरकडच्या मंडळींना जामसावळीच्या हनुमान मंदिराबाहेरची दुकाने आठवतील. या सगळ्या ठिकाणी सायकलला किंवा हातगाडीला दोरीने बांधलेले, रंग उडालेले एक सिलिंडर हमखास दिसते आणि त्याच्याभोवती मुलांचे कोंडाळे असते. दगडांच्या भीतीने आपण मुलांना नदीकडे जाऊ देत नाही, पण या सिलिंडरापाशी मात्र त्यांना खुशाल उभे करतो.

ही भीती उगाच नाही. २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात आपल्या नागपुरात फुग्यात गॅस भरण्याच्या सिलिंडरचा स्फोट झाला आणि चार वर्षांचा एक मुलगा गेला. त्याच महिन्यात लातुरात तसाच स्फोट झाला. तिथे फुगेवाला स्वतःच दगावला आणि भोवती जमलेली अनेक मुले जखमी झाली. दोन्हीकडे घर जळाले नाही की कारखाना फुटला नाही. साध्या रस्त्यावर, फुगा घ्यायला उभ्या असलेल्या मुलांच्या अंगावर हे आले.

आता थोडे दाबाबद्दल. मी कॉमर्सचा माणूस, तेव्हा हिशेबाच्याच भाषेत सांगतो. स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी साधारण एक किलो दाबाला वाजते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर एक किलो वजन ठेवल्यासारखे. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन किलो हवा असते. वेल्डिंगच्या दुकानात किंवा दवाखान्यात उभे असते ते ऑक्सिजनचे मोठे सिलिंडर भरलेले असेल, तर आत सुमारे दीडशे किलो दाब असतो. म्हणजे जवळजवळ दीडशे कुकरांचा दाब एका जागी. सिलिंडरची पोकळी सत्तेचाळीस लिटरच्या आसपास, पण त्यात सात घनमीटर, म्हणजे सात हजार लिटर वायू दाबून बसवलेला असतो. मुलांचा एक बऱ्यापैकी फुगा पंधरा लिटरचा धरला, तर त्यातून साडेचारशेच्या वर फुगे निघतील. एवढे सगळे ज्या पोलादी भिंतीने अडवून धरले आहे, ती भिंत काही मिलिमीटर जाडीची. भिंत चांगली असेल तर वर्षानुवर्षे काही होत नाही. ती गंजली किंवा तिला तडा गेला, तर आग लागण्याचीही गरज नाही, नुसता दाबच पोलादाचे तुकडे भिरकावून देतो.

पण रस्त्यावरच्या फुगेवाल्यांपैकी बरेच जण कारखान्यातून भरलेले सिलिंडर आणतच नाहीत. ते गॅस तिथल्या तिथे तयार करतात. कुठूनतरी मिळवलेल्या जुन्या सिलिंडरात पाणी, कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमचा चुरा किंवा भंगारातले तुकडे टाकायचे आणि तोंड बंद करायचे. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खाते आणि हायड्रोजन सुटतो. ही प्रक्रिया उष्णता देणारी आहे. मिश्रण तापले की तिचा वेग वाढतो आणि वेग वाढला की ते आणखी तापते. चक्रवाढ व्याजासारखे हे गणित आहे, फरक इतकाच की इथे मुद्दल किती टाकले ते कोणी मोजत नाही. मुठीने चुरा टाकला, आज गिऱ्हाईक जास्त आहे म्हणून आणखी एक मूठ टाकली, असा तो व्यवहार. दाब दाखवणारा काटा नाही, जास्तीचा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह नाही. खाली साचणारा गाळ तोटीत अडकला, तर गॅसला बाहेर यायला वाटच उरत नाही. शिवाय गरम कॉस्टिक पोलादालाही सोडत नाही, कालांतराने त्यात बारीक तडे पाडू शकते. सिलिंडर बाहेरून रंगवून घेतले तरी आतल्या अंगाला काय झाले आहे हे कोणाला दिसणार?

शिवाय हायड्रोजन हा पेटणारा वायू आहे. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कितीही असले, तरी ठिणगी मिळताच ते मिश्रण पेट घेते. ठिणगीही फार मोठी लागत नाही, नायलॉनचा कपडा घासल्यावर होते तेवढी चटचट पुरते. दिवसाउजेडी त्याची ज्योत जवळजवळ दिसतच नाही. हिंडेनबर्ग हे जर्मन हवाई जहाज ६ मे १९३७ रोजी अमेरिकेत उतरता उतरता जळाले आणि ३६ माणसे गेली, तेव्हा त्याच्या पोटात हाच वायू होता. वाढदिवसाला घराच्या छताला टेकलेले आणि खाली मेणबत्त्या लावलेले फुगे पाहिले, की मला तर धडकीच भरते.

हेलियम पेटत नाही. उचलण्याची ताकद दोघांची जवळजवळ सारखीच, हेलियमची जेमतेम सात-आठ टक्क्यांनी कमी. मग फुगेवाला हेलियम का घेत नाही? कारण तो परदेशातून येतो आणि महाग पडतो. दहा-वीस रुपयांच्या फुग्यात तो खर्च बसत नाही. (या हेलियमचा आणि आपल्या कोकणाचा संबंध सांगितला जातो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या निमित्ताने विजयदुर्गावर आजही ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात. मात्र फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन यांनी ते ग्रहण आंध्रातल्या गुंटूरहून पाहिले, आणि लॉकियर साहेबांनी आपली निरीक्षणे इंग्लंडमध्ये बसून केली होती. किल्ला जरूर पाहावा, गोष्ट थोडी तपासून घ्यावी.) हेलियम पेटत नाही म्हणून त्याचे सिलिंडर निर्धास्त मानू नये, दाब तिथेही असतोच.

कायदा या बाबतीत ढिला नाही. १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली गॅस सिलिंडर नियम आहेत, सध्याचे २०१६ चे. परवान्याशिवाय सिलिंडरात दाबाचा वायू भरता येत नाही. एका वायूचे सिलिंडर परवानगीशिवाय दुसऱ्या वायूसाठी वापरता येत नाही. भरलेले सिलिंडर सायकलवर किंवा दुचाकीवर नेता येत नाही. हे सगळे पाहणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालयही आपल्या नागपुरातच आहे. पण गावोगावच्या जत्रेत प्रत्येक फुगेवाल्यामागे अधिकारी कुठून आणणार?

शाखेत असताना बोरगावच्या बाजूच्या वेल्डिंगवाल्यांची कर्जे माझ्याकडे असत. तपासणीला गेलो की तारण म्हणून लिहून दिलेली सिलिंडरे मोजावी लागत. तेव्हापासून सिलिंडराच्या खांद्यावर कोरलेले आकडे वाचायची सवय लागली. तिथे त्याचा क्रमांक, बनवणाऱ्याची खूण, रिकामे वजन, चाचणीचा दाब आणि चाचणीच्या तारखा असतात. ऑक्सिजन, हायड्रोजन, हेलियमच्या जोड नसलेल्या सिलिंडराची चाचणी साधारणपणे दर पाच वर्षांनी व्हावी लागते. त्यात सिलिंडरात पाणी भरून नेहमीच्या दीडपटीहून जास्त दाब देतात. पाणीच का? ते दाबले जात नाही, त्यामुळे सिलिंडर फुटले तरी नुसते गळते, उडत नाही. रंगही बोलतात. ऑक्सिजनचे अंग काळे व मान पांढरी, हायड्रोजनचे लाल, हेलियमचे तपकिरी. फुगेवाल्याचे सिलिंडर काळे असून मान पांढरी दिसली, तर ते कुठल्यातरी दवाखान्यातून किंवा वर्कशॉपमधून फिरत आलेले आहे असे खुशाल समजावे. घरच्या स्वयंपाकाच्या सिलिंडरावरही वरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्ष असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च आणि त्याच क्रमाने पुढे. ती तिमाही उलटून गेली असेल तर सिलिंडर परत करावे.

आता मुले मोठी झाली की नागपूरकडच्या रिसॉर्टमध्ये पेंटबॉल खेळायला जातात. बंदुकीला लावलेल्या त्या छोट्या टाकीकडे पाहून आईवडील घाबरतात, कारण तिच्यात दोनशे ते तीनशे किलोपर्यंत दाब असू शकतो. पण चांगल्या टाकीला दाब जास्त झाला तर फुटून हवा सोडणारी पातळ चकती असते, चाचणीची तारीख छापलेली असते, आणि कार्बन फायबरच्या बऱ्याच टाक्या पंधरा वर्षांनी बाद करतात. तिथे दोन गोष्टी विचाराव्यात: चाचणीची तारीख कोणती, आणि टाकी कोण भरतो. मुलांना मात्र बजावून सांगावे की टाकीची तोटी स्वतः पिळून सोडवायची नाही आणि तोंडावरचा मास्क मैदानात काढायचा नाही. दाब जास्त असूनही जिथे तारीख आणि चकती आहे ती टाकी मला फुगेवाल्याच्या सिलिंडरापेक्षा कमी धोक्याची वाटते.

फुगेवाल्याला हाकलून द्यावे असे माझे म्हणणे नाही. सगळ्यात आधी मरतो तोच, आणि त्याच्या मागे घर असते. आपल्या मंडळाच्या तान्हा पोळ्याच्या कार्यक्रमाला त्याला बोलवावे, पण पंपाने हवा भरलेले फुगे, पिपाण्या आणि चक्र्या घेऊन. उडणारे फुगे हवेच असतील तर कारखान्यातून भरलेले, चाचणीची तारीख असलेले हेलियमचे सिलिंडर मंडळाने भाड्याने आणावे आणि ते साखळीने उभे बांधून, मुलांपासून दूर, मोठ्या माणसाच्या हातून भरून घ्यावे. खर्च वाढतो हे खरे. पण पंचवीस फुगे कमी घेतले तर पोळा काही अडत नाही. बाजारात मात्र सिलिंडरातून फुगे भरणे चालू दिसले, तर मुलाला तिथे उभे करू नये. फुगा हवाच असेल तर मोठ्याने जाऊन आणावा, आणि गॅसचा असेल तर तो घरात दिव्याजवळ किंवा गाडीत बंद काचेआड ठेवू नये.

एक शेवटचे. अशा अपघातात नुसते तुकडेच लागतात असे नाही, आतले गरम कॉस्टिकचे पाणीही अंगावर आणि डोळ्यांत उडते. कॉस्टिक डोळ्यांत गेले असेल तर चोळू नये, तूप-हळद लावू नये. स्वच्छ पाण्याची धार किमान वीस मिनिटे डोळ्यावर सोडत राहावी, अंगावरचे भिजलेले कपडे काढावेत, आणि तेवढ्यात दुसऱ्या कोणी १०८ ला फोन करावा. दवाखान्यात पोचल्यावर ‘फुग्याच्या गॅसचे कॉस्टिक उडाले’ असे स्पष्ट सांगावे, म्हणजे डॉक्टरांचा वेळ वाचतो.